1898 चा रुबल, कड गुळगुळीत: टांकसाळीची चूक की कानशीची करामत?

राजवाडा_नाणी (इंदूर)

मंडळी, चार रशियन चांदीची नाणी बघायला आणली आहेत. विकणारा इथलाच आहे आणि चारही नगांना ‘एरर’, म्हणजे टांकसाळीच्या चुकीतून निघालेलं नाणं, म्हणून वेगळा भाव सांगतोय. रविवारपर्यंत घ्यायची की परत द्यायची ते ठरवायचं आहे. काटा 0.01 ग्रॅमचा, व्यास डिजिटल व्हर्नियरने घेतला आहे.

पहिलं: 1897 चा रुबल, दुसऱ्या निकोलसचा. 19.91 ग्रॅम, 33.6 मिमी. कडेवर खोल अक्षरं, शेवटी दोन तारे. राजाचा चेहरा वर करून ठेवला की कडेवरची अक्षरं उलटी दिसतात. विकणाऱ्याकडे त्याच सालाचा दुसरा नग आहे, त्यावर सुलटी आहेत. त्याच्या मते उलटी कड दुर्मिळ.

दुसरं: 1898 चा रुबल. कड पूर्ण गुळगुळीत, एकही अक्षर नाही. 19.48 ग्रॅम, 33.3 मिमी. चेहरा आणि गरुड बऱ्यापैकी टवटवीत. सगळ्यात जास्त पैसे याचेच मागतोय.

तिसरं: 1924 चं 50 कोपेक (100 कोपेकचा एक रुबल), ऐरणीवर घण घालणाऱ्या कामगाराचं. 9.96 ग्रॅम, 26.7 मिमी. कडेवर काही ठिकाणी अक्षरांवर अक्षरं चढली आहेत. शेवटची दोन अक्षरं इंग्रजी टी आणि पी सारखी दिसतात.

चौथं: 20 कोपेक, 1915. 3.59 ग्रॅम. छाप एका बाजूला सरकलाय. कडेच्या खाचा साधारण निम्म्या घेरात आहेत, उरलेल्यात नाहीत. व्यास एका दिशेने 22.0, आडवा मोजला तर 22.9.

यातलं खरं एरर कोणतं आणि कशावरून ओळखायचं?

---

टांकसाळ

चारही नगांचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: कड छापाआधी झाली की छापाबरोबरच? ते कळलं की विकणाऱ्याच्या गोष्टी ऐकायची गरज उरत नाही.

रुबल आणि 50 कोपेक यांच्या कडेवरची अक्षरं छाप मारण्याआधीच कोऱ्या चकतीवर उमटवली जायची. पोलादाच्या दोन पट्ट्या, एक स्थिर आणि एक सरकणारी. चकती दोन्हींच्या मध्ये दाबून लाटली की एका पट्टीवरचा अर्धा मजकूर एका बाजूला आणि दुसरीवरचा अर्धा समोरच्या बाजूला उमटतो. चकती फक्त अर्धा फेरा फिरते आणि पूर्ण घेर भरतो. मग अशा शेकडो चकत्या ढिगाने प्रेसकडे जातात, तिथे गुळगुळीत आतल्या कडेच्या कॉलरमध्ये, म्हणजे चकतीला भोवतून धरणाऱ्या पोलादी कड्यात, छाप बसतो. चकती प्रेसमध्ये कोणत्या तोंडाने पडली हे कोणी बघत नाही. म्हणून निम्म्या नाण्यांवर अक्षरं सुलटी आणि निम्म्यांवर उलटी येणार, आणि मजकूर चेहऱ्याच्या कोणत्याही ठिकाणापासून सुरू होणार. तुमचा पहिला नग एरर नाही, दुर्मिळही नाही. दोन तारे म्हणजे तो ब्रसेल्सला पाडलेला आहे. एक तारा असता तर पॅरिस. त्या वर्षांत पीटर्सबर्गच्या टांकसाळीला काम झेपत नव्हतं म्हणून रशियाने चांदीची नाणी बाहेर पाडून घेतली. निकोलसच्या रुबलावर टांकसाळीची खूण चेहऱ्याच्या किंवा गरुडाच्या बाजूला नसतेच, फक्त कडेवर असते. म्हणून 1898 चा रुबल तीन प्रकारचा मिळतो: पीटर्सबर्ग, एक तारा, दोन तारे. कड गेली की नाणं कुठलं हेच कळत नाही.

20 कोपेकचं बरोबर उलट. त्याच्या कडेवरच्या खाचा छापाच्या क्षणीच पडतात, कारण कॉलरलाच आतून दाते असतात. धातू दाबाने पसरतो आणि दात्यांत भरतो. आपल्या व्हिक्टोरियाच्या रुपयाचंही तेच तंत्र. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही तर जितका भाग आत होता तितक्याच भागात खाचा येतात, बाहेरचा भाग मोकळा पसरतो आणि व्यास वाढतो. तुमच्या चौथ्या नगाला 22 आणि 22.9 असा फरक आहे, खाचा अर्धवट आहेत, छापही सरकलेला आहे, आणि वजन 3.6 च्या जवळ म्हणजे धातू कुठेही कमी झालेला नाही. हे चारही मुद्दे एकाच कारणातून आलेत. हा खरा एरर, माझ्या मते चारांतला सगळ्यात स्वच्छ.

आता हे दोन्ही जोडा. खाचांच्या नाण्याची कड गुळगुळीत निघाली तर कॉलर चुकली, आणि मग व्यास मोठा हवा. अक्षरांच्या रुबलाची कड गुळगुळीत निघाली तर कॉलर चुकलेली नाही, चकती कड-यंत्रातून गेलीच नाही. मग तिचा व्यास आणि वजन पूर्ण हवं, 33.65 आणि 20 ग्रॅमच्या आसपास. तुमचा दुसरा नग या कसोटीत बसत नाही.

---

कसोटी (सराफा, इंदूर)

दुसऱ्या नगाचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे विकणाऱ्यासमोर ठेवता येईल.

मूळ व्यास 33.65, तुमचा 33.3. म्हणजे चारही बाजूंनी 0.175 मिमी गेलं. घेर साधारण 105 मिमी, किनारीची जाडी अडीच मिमी धरा. 105 गुणिले 2.5 गुणिले 0.175 म्हणजे सुमारे 46 घन मिमी. 90 टंच (90 टक्के शुद्ध) चांदीची घनता 10.31 आहे, तर साधारण 0.47 ग्रॅम. 20 मधून वजा केलं की 19.53. तुमचं वजन 19.48. उरलेली पाच शतांश ग्रॅम साधी झीज. कानशीने अक्षरं उडवली की हाच आकडा येतो. अक्षरांची खोली एवढीच असते, त्यामुळे घासणाऱ्यालाही तितकंच घासावं लागतं.

फक्त वजन कमी म्हणून निकाल देऊ नका. खूप वापरलेला रुबलही 19.5 ला येतो, पण तेव्हा राजाचे केस आणि गरुडाची पिसं सपाट झालेली असतात. चेहरा टवटवीत आणि वजन हलकं, हे जोडीने आलं की संशय घ्यायचा.

भिंग दहापटीचं घ्या आणि तीन गोष्टी बघा. एक, किनारीवरच्या मण्यांपासून बाहेरच्या टोकापर्यंतचा सपाट पट्टा. चांगल्या नगाशेजारी ठेवलं की घासलेल्याचा पट्टा अरुंद दिसतो, आणि हाताने घासलं असेल तर एकीकडे जास्त, एकीकडे कमी. दोन, कडेवर समांतर बारीक ओरखडे. आडवे असले तर लेथवर किंवा चाकावर धरलंय, तिरपे असले तर हातकानस. नंतर पॉलिश मारलं असेल तर ओरखडे जातात, पण किनारीचा काटकोन गोल होतो. टांकसाळीतून आलेल्या गुळगुळीत कडेचा कोपरा धारदार असतो, कारण धातू कॉलरच्या भिंतीला टेकून थांबलेला असतो. तीन, अक्षरांचे तळ. उजेड अगदी तिरपा टाका, मोबाईलचा टॉर्च कडेला समांतर धरा. घासणाऱ्याने कंटाळून मध्येच सोडलं असेल तर एखाद्या अक्षराची बुडाची रेघ राहते.

आणखी एक, हे इकडे फार दिसतं. माळेत ओवण्यासाठी नाण्याला कडी झाळलेली असते. ती काढून जागा घासली की कडेवर आठ-दहा मिमीचा टप्पा रिकामा दिसतो आणि लोक म्हणतात अर्धवट अक्षरांचा एरर. तो टप्पा बहुतेक वेळा राजाच्या डोक्याच्या बरोबर वर असतो, कारण कडी तिथेच लावतात. वर टांकसाळ यांनी सांगितलंच आहे की मजकुराची जागा चेहऱ्याशी बांधलेली नसते. मग रिकामी जागा नेमकी डोक्यावरच कशी येईल? तिथे भिंगाखाली झाळेचा पिवळट किंवा राखाडी डाग मिळतो. टंच मशिनीवर तोच बिंदू धरला तर जस्त दाखवतं, कधी कॅडमियमही. सराफ्यात दिवसा जा, रात्री तिथे भुट्ट्याचा कीस मिळेल, टंच नाही.

---

राजवाडा_नाणी

कसोटी काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिरपा उजेड टाकून बघितलं. कडेवर बारीक तिरप्या रेघा आहेत आणि एका जागी दोन अक्षरांचे बुंधे दिसतायत. मण्यांबाहेरचा पट्टाही एका बाजूला जवळजवळ संपलाय. म्हणजे दुसऱ्या नगाचा निकाल लागला.

पाण्यातलं वजनही घेतलं. ग्लास काट्यावर, शून्य केलं, नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवलं. दुसऱ्याला 1.89 आलं, पहिल्याला 1.93. तिसऱ्याला मात्र एकदा 0.97 आणि एकदा 1.02. असं का?

आणि अक्षरं चढलेली दाखवायला फोटो नीट येत नाही, काही युक्ती?

---

बडोदेकर_रुपया

1.02 हा बुडबुडा असणार, नाहीतर दोऱ्याची गाठ पाण्यात गेली. नाणं चकचकीत असो वा मळकं, खोलगट जागी हवा अडकतेच. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं एकदा बुडवून हलवा, मग मोजा. दोरा शिवणकामाचा एकपदरी घ्या. नाणं तळाला किंवा काचेला टेकलं तर आकडा एकदम वाढतो, ते तर लगेच कळतं. नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता: 9.96 भागिले 0.97 म्हणजे 10.27, चांदीच्या 10.31 च्या जवळ. ठीक आहे. 10 ग्रॅमच्या नगावर एक शतांश इकडेतिकडे झालं तरी घनता 0.1 ने हलते, म्हणून लहान नाण्यावर दशांशाचा हट्ट धरू नका. नकली नग तांबं-निकेलचा असेल तर घनता 8.9 येते, तो फरक लपत नाही.

कडेसाठी फोटो सोडा. पातळ ट्रेसिंग पेपरची 12 सेंमी लांब, एक सेंमी रुंद पट्टी कापा, नाण्याभोवती घट्ट गुंडाळा, टोकं चिकटपट्टीने कागदालाच चिकटवा, नाण्याला नाही. 4बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. खोल अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं. पट्टी उलगडली की पूर्ण मजकूर एका ओळीत. 50 कोपेकचा घेर 84 मिमीच्या आसपास भरतो. पट्टीवर चढलेली अक्षरं कुठे आहेत ते मोजा आणि सांगा. एकाच जागी आहेत की समोरासमोर दोन जागी? सगळं यावर आहे.

आणखी एक गोष्ट, अक्षरं वाचायची. रशियन अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि इथेच फसगत होते. जे ‘बी सी’ दिसतं ते खरं तर ‘व स’, म्हणजे 1913 पासूनच्या पीटर्सबर्गच्या टांकसाळ-अधिकाऱ्याची अक्षरं. ‘ए’ आणि त्याच्यापुढे इंग्रजी एल डोक्यावर उभा केल्यासारखं अक्षर म्हणजे ‘आ ग’, हे 1899 पर्यंत. मध्ये उभी रेघ असलेलं वर्तुळ आणि पुढे 3 सारखं अक्षर म्हणजे ‘फ झ’. उलट्या ई सारखं गोलाकार आणि पुढे 6 सारखं, ते ‘ए ब’. साल आणि अक्षरं जुळतात का बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. 1913 च्या रुबलावर ‘आ ग’ निघालं तर पुढे मोजमाप करत बसू नका.

मजकुराचंही तसंच. झारच्या काळातल्या रुबलावर ‘चिस्तागो सेरेब्रा 4 झोलोत्निका 21 दोल्या’ असतं, म्हणजे शुद्ध चांदी 4 झोलोत्निक 21 दोल्या. आपल्या तोळा-मासा-गुंजेसारखं माप आहे: झोलोत्निक 4.266 ग्रॅमचा, त्याच्या 96 दोल्या. हिशेब केला की 18 ग्रॅम येतात, 20 ग्रॅमच्या नाण्याचे बरोबर 90 टक्के. क्रांतीनंतर शुद्धलेखन बदललं आणि पहिला शब्द ‘चिस्तोगो’ झाला. म्हणजे पाचवं अक्षर झारकाळी ए सारखं, सोव्हिएत काळात ओ सारखं. 1897 च्या रुबलावर तिथे ओ असेल तर नाणं कोणीतरी अलीकडे बनवलंय. 1885 पर्यंतच्या रुबलावर वेगळाच मजकूर आहे, त्यात टंच 83 सही एक तृतीयांश (शंभरपैकी नाही, 96 पैकी) आणि नाण्याचं एकूण वजन दिलेलं असतं. ती नाणी 20.73 ग्रॅमची, व्यास साधारण 35.5. नकली बनवणारे ही सरमिसळ सर्रास करतात.

---

राजवाडा_नाणी

पट्टी काढली. तिसऱ्या नगावर चढलेली अक्षरं दोन ठिकाणी आहेत. एका जागी तीन अक्षरं, दुसऱ्या जागी दोन-अडीच. दोन जागांमधलं अंतर एका बाजूने 41 मिमी, दुसऱ्या बाजूने 43. साबणाच्या पाण्यात 0.97 आलं, तीनदा.

---

टांकसाळ

मग हा खरा आहे. चकती पट्ट्यांमध्ये अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त लाटली गेली. दोन्ही पट्ट्यांचं शेवटचं टोक समोरच्या पट्टीने आधीच उमटवलेल्या सुरुवातीवर चढलं. दोन पट्ट्या, म्हणून दोन जागा, आणि त्या समोरासमोर. 84 चा निम्मा 42, तुमचं 41 आणि 43 बरोबर बसतं. एकाच जागी अक्षरं दुहेरी असती तर मी आधी मार किंवा उचकटण विचारात घेतलं असतं.

याच यंत्राच्या बाकी चुका ओळखून ठेवा. चकती घसरली तर अक्षरं लांबट किंवा फासल्यासारखी दिसतात. चकती दोनदा गेली तर पूर्ण मजकूर दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा उलटी गेली असेल तर एक ओळ सुलटी, एक उलटी. हे शेवटचं बघायला मजेदार असतं, एरवी उलट-सुलट कडेला काही अर्थ नाही पण एकाच नाण्यावर दोन्ही म्हणजे अर्थ आहे.

छापा-काटा किती फिरलाय तेही एकदा बघा. नाणं वरखाली दोन बोटांत धरून उभ्या अक्षावर फिरवा. गरुड सरळ उभा दिसला पाहिजे. दहा-पंधरा अंश तिरका असेल तर ठसा सैल होता, त्याचे कोणी जास्त पैसे देत नाही. पॅरिसचे 1896 चे काही रुबल मात्र पूर्ण 180 अंशात फिरलेले आहेत आणि संग्राहक ते मुद्दाम शोधतात.

---

कसोटी

50 कोपेकच्या भावाबद्दल माझं थोडं वेगळं मत. एरर खरा आहे, मान्य. पण टी-पी म्हणजे ‘त र’, ही 1924 मध्ये लंडनच्या रॉयल मिंटने रशियासाठी पाडलेली नाणी, 4 कोटी नग. इतक्या संख्येत लाटण्याच्या चुका बऱ्याच निघतात. साध्या नगापेक्षा थोडं जास्त द्या, दुप्पट-तिप्पट नाही.

20 कोपेकला मात्र मी हात आखडता घेणार नाही. फक्त टंच काढाल तेव्हा 50 येईल, घाबरू नका. 1867 पासून लहान कोपेक निम्म्या चांदीचेच आहेत. आपल्याकडच्या 1940 ते 45 च्या रुपयासारखं.

---

बडोदेकर_रुपया

त्या 1940 ते 45 च्या रुपयाची कड शेजारी ठेवून बघा, खाचांच्या मधून फिरणारी खोल रेघ आहे ना, सिक्युरिटी एज. तिथे छापाआधीची रेघ आणि छापाबरोबरच्या खाचा अशी दोन्ही कामं एकाच नाण्यावर आहेत, म्हणून कॉलरच्या आणि कडेच्या चुका वेगळ्या ओळखायचा सराव त्यावर स्वस्तात होतो.

आणि राजवाडा, एक राहिलं. त्या टी-पी मधला टी पट्टीवर नीट वाचा. 1924 च्या 50 कोपेकवर टी च्या जागी वर्तुळ आणि मध्ये उभी रेघ असलेलं अक्षर, म्हणजे ‘फ र’, फार थोड्या नगांवर आहे. वर्तुळ दिसलं तर लगेच खूश होऊ नका, टी ची वरची आडवी रेघ उरली आहे का बघा. उरली असेल तर वर्तुळ नंतर कोरलंय, आणि कोरलेल्या कडेला धातूची बारीक कुस उभी असते, नखाला लागते.

---

राजवाडा_नाणी

टी च आहे. आडवी रेघ साफ, वर्तुळ नाही. पट्टीवर आणि भिंगातूनही.

20 कोपेक आणि 50 कोपेक घेतोय, 1897 साध्या रुबलाच्या भावात मिळाला तर तोही. 1898 चा परत. त्याच्यासोबत कसोटी काकांचा 46 घन मिमीचा हिशेब कागदावर लिहून देतो.